दोन-दोन पानांची प्रकरणं असलेली युद्धकादंबरी वाचायला घेताय? मग हे आधी बघा

युद्धावरची कादंबरी पहिल्यांदाच हातात घेणाऱ्यांचे साधारण दोन गट पडतात. एक म्हणतो, अहो ही काय प्रकरणं, दोन पानं झाली की संपलं, परत नवा माणूस, नवी तारीख, नवं गाव, डोक्यात काही बसतच नाही. दुसरा म्हणतो, काय भारी पळतंय पुस्तक, काल झोपायच्या आधी दीडशे पानं उडवली. मला विचाराल तर पहिल्या गटाचं जास्त बरं चाललंय, कारण त्यांना निदान अडखळायला तरी होतंय. ही प्रकरणं अशी मुद्दाम तोडलेली असतात, आणि जिथे तोडलंय तिथल्या कोऱ्या जागेत लेखकाने निम्मं युद्ध ठेवलेलं असतं. लढणाऱ्या माणसाला तरी कुठे सगळं दिसतं, त्याला त्याचा खंदक दिसतो, शेजारचा माणूस दिसतो, बाकी काय चाललंय ते दुसऱ्या दिवशी कोणीतरी सांगणार. दोन पानांचं प्रकरण वाचकालाही तेवढंच दाखवतं.

आमच्या ओळखीत नाशिकमध्ये वाचणारे बरेच आहेत, कोणी सावानाचे, म्हणजे सार्वजनिक वाचनालयाचे जुने मेंबर, कोणी मुंबईला जाणाऱ्या पंचवटी एक्स्प्रेसचे पासवाले, कोणी फक्त मोबाइलवर वाचणारे, त्यांना वेळोवेळी सांगून जे गोळा झालं ते इथे लिहितोय. क्रम अगदी पाळायलाच हवा असं नाही, पण पहिल्या दोन गोष्टी तरी कराच.

पहिलं काम: अनुक्रमणिका उघडा

पुस्तक विकत घ्यायच्या किंवा लायब्ररीतून आणायच्या आधी एकूण पानं भागिले प्रकरणं एवढं करा, फोनमध्ये कॅल्क्युलेटर आहेच. अँथनी डोअर यांची २०१४ ची ‘ऑल द लाइट वी कॅनॉट सी’, जिला २०१५ चं पुलित्झर मिळालं, तिच्यात ५३० च्या आसपास पानं आणि १७८ प्रकरणं, म्हणजे सरासरी तीन पानं. टॉलस्टॉयच्या ‘वॉर अँड पीस’चं नाव काढलं की लोक घाबरतात, पण तिच्यात ३६१ प्रकरणं आहेत, एकेक चार-पाच पानांत उरकतं, रोज एक वाचलं तरी वर्षात पुस्तक संपतं आणि वर चार दिवस सुट्टी मिळते. विल्यम मार्च यांची १९३३ ची ‘कंपनी के’ घ्या, पहिल्या महायुद्धातल्या अमेरिकन मरीन सैनिकांची, तिथे ११३ प्रकरणं आहेत आणि प्रत्येक प्रकरणाला एकेका सैनिकाचा हुद्दा आणि नाव, अनुक्रमणिका म्हणजे अख्ख्या कंपनीचा हजेरीपटच.

हा भागाकार कधीकधी फसवतो हे पण सांगून ठेवतो. कर्ट व्हॉनेगट यांच्या १९६९ च्या ‘स्लॉटरहाउस-फाइव्ह’मध्ये प्रकरणं फक्त १०, म्हणून तुम्ही मोठ्या प्रकरणांची तयारी ठेवून बसता, आणि आत बघता तर छोटे छोटे तुकडे, अर्धं पान इकडचं, अर्धं पान वीस वर्षांनंतरचं. व्हॉनेगट स्वतः युद्धकैदी म्हणून जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये होते, फेब्रुवारी १९४५ मध्ये शहरावर बॉम्ब पडले तेव्हा कत्तलखान्याच्या तळघरात होते म्हणून वाचले, आणि हा अनुभव सरळ ओळीत सांगता येत नाही हे ते पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात बोलून दाखवतात. तेव्हा नुसता आकडा बघू नका, पुस्तक मधूनच कुठेही उघडा आणि कोऱ्या ओळी किती दिसतायत ते बघा.

आणि अजून एक प्रकार असतो, मोठ्या प्रकरणांच्या रांगेत एकच छोटं. जर्मन लेखक रेमार्क यांच्या पहिल्या महायुद्धावरच्या ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’मध्ये प्रकरणं १२, बहुतेक व्यवस्थित लांब, आणि शेवटचं जेमतेम दोन पानांचं. अख्खं पुस्तक ‘मी’ सांगतोय आणि अगदी शेवटच्या काही ओळींत अचानक ‘तो’ येतो. ऑक्टोबर १९१८ मधला एक दिवस, आघाडी इतकी शांत की त्या दिवसाचा लष्करी रिपोर्ट एका वाक्यात आटोपला. मोठ्या प्रकरणांची सवय झालेल्या वाचकाला ते दोन पानांचं प्रकरण बरोबर लागतं. अनुक्रमणिकेत असं बाकीच्यांपेक्षा फारच छोटं प्रकरण दिसलं की पेन्सिलने खूण करून ठेवा, वाचू नका, फक्त खूण.

आपल्याकडचा वाचक इथे थोडा गोंधळतो याचं कारण साधं आहे. आपण ऐतिहासिक कादंबऱ्यांवर वाढलो, तिथे आधी दरबार, मग मसलत, मग छावणीचं वर्णन, हत्ती किती घोडे किती, मग कुठे लढाई, आणि प्रकरण चाळीस पानांचं. ते वाईट आहे असं नाही म्हणत, त्याची मजा वेगळी. पण तोडून सांगणं आपल्याला नवीन आहे असंही नाही. १७६१ च्या जानेवारीत पानिपत झाल्यावर पेशव्यांकडे जो निरोप आला म्हणतात, दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या, चांदी-तांब्याची गणतीच नाही, त्याच्यापेक्षा छोटं युद्धाचं प्रकरण तुम्हाला कुठे मिळणारे? दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ हे कळणाऱ्याला कळलं, आणि ‘गणतीच नाही’ या दोन शब्दांत हजारो घरं गेली. मधलं सगळं ऐकणाऱ्याने भरायचं. हा निरोप ज्याला कळतो त्याला डोअर पण कळेल, मार्च पण कळेल, काही अवघड नाही.

दुसरं काम: पुस्तकात एक चिठ्ठी ठेवा

वही नको, वही केली की अभ्यास वाटतो आणि चार दिवसांत बंद पडतं. किराणाच्या बिलाची मागची बाजू चालते. त्यावर चार रकाने: कोण, कधी, कुठे, आणि हातात काय. प्रत्येक प्रकरणानंतर चार शब्द, बास.

पहिले तीन रकाने सगळेच सांगतात, चौथा माझा हट्ट आहे आणि तोच सगळ्यात कामाला येतो. डोअरच्या कादंबरीची सुरुवात बघा. पहिलं प्रकरण एका पानाचं पण नाही, ऑगस्ट १९४४, फ्रान्समधलं सां मालो नावाचं समुद्राकाठचं तटबंदीचं शहर, संध्याकाळी आकाशातून कागद पडतायत, शहर सोडून उघड्या रानात जा असं लिहिलेली पत्रकं. दुसरं प्रकरण विमानांचं, ती समुद्रावरून येतायत. तिसरं एका मुलीचं, उंच घरात वरच्या मजल्यावर एकटी आहे, खिडकीत अडकलेलं एक पत्रक तिच्या हाताला लागतं, ती ते नाकाशी नेते, ताज्या शाईचा वास येतो. ती आंधळी आहे. बास, एवढंच, लेखक कुठेही म्हणत नाही की बघा बिचारीला वाचता येत नाही. आता चिठ्ठीवर बघा काय झालं: पहिल्या ओळीत चौथ्या रकान्यात ‘पत्रक’, तिसऱ्या ओळीत पण चौथ्या रकान्यात ‘पत्रक’, आणि मधल्या ओळीत ‘बॉम्ब’. तीन प्रकरणं मिळून मोजकीच पानं, आणि ती चिठ्ठी आडवी न वाचता उभी वाचली की अख्खा धोका समोर उभा राहतो. छोट्या प्रकरणांचे लेखक धागा असा वस्तूंमधून ओवतात, कारण मोठं वर्णन करायला त्यांच्याकडे जागाच नसते. रेडिओ, चाकू, दगड, पत्र, बूट, जे दिसेल ते लिहा.

‘कधी’चा रकाना पण हलक्यात घेऊ नका. त्याच कादंबरीचे जे मोठे भाग आहेत त्यांना तारखाच नावं म्हणून दिल्यात. सुरुवात ७ ऑगस्ट १९४४, मग थेट १९३४, मग ८ ऑगस्ट १९४४, मग जून १९४०, परत ८ ऑगस्ट, मग जानेवारी १९४१, परत ८ ऑगस्टच. म्हणजे एकीकडे वर्षांमागून वर्षं जातायत, मुलं मोठी होतायत, फ्रान्स पडतंय, आणि दुसरीकडे घड्याळ हलायलाच तयार नाही, मुलगी घरात अडकलेली आणि गोष्टीतला दुसरा नायक, एक जर्मन सैनिक मुलगा, ढिगाऱ्याखाली तळघरात. हे नुसतं वाचताना ‘परत मागे गेलं वाटतं’ एवढंच जाणवतं, चिठ्ठीवर एकाखाली एक तीन वेळा ‘८ ऑगस्ट’ लिहिताना मात्र हात थांबतो.

तिसरं, आणि इथेच बहुतेक जण चुकतात: कुठे थांबायचं

सगळ्यांची सवय अशी की प्रकरण संपलं की थांबायचं. मोठ्या प्रकरणांना ते ठीक आहे. छोट्यांमध्ये काय होतं, प्रकरण ‘अ’ एका माणसाला संकटात सोडून संपतं, तुम्हाला त्याचं काय झालं ते हवं असतं, पण पुढचं प्रकरण ‘ब’ भलत्याच माणसाचं, मग तुम्ही ‘ब’ वरून डोळे फिरवत पळता, दीड पानच तर आहे, आणि परत ‘अ’ला जाऊन पोचता. वाचून तर झालं, पण ‘ब’ गेलं वाया. आणि युद्धाच्या पुस्तकात ‘ब’ तिथे उगाच ठेवलेलं नसतं.

‘वॉर अँड पीस’मधलं ऑस्टरलिट्झ घ्या, नेपोलियनविरुद्ध रशिया-ऑस्ट्रियाची १८०५ ची लढाई. पहिल्या खंडाच्या तिसऱ्या भागात सोळावं प्रकरण, प्रिन्स आंद्रेई झेंडा घेऊन धावतो, डोक्यावर फटका बसून पडतो, आणि त्याला वर फक्त आकाश दिसतं, उंच, शांत, ढग हळूहळू सरकतायत. प्रकरण तिथे संपतं. माणूस जिवंत आहे की मेला ते माहीत नाही. पुढची दोन प्रकरणं, सतरा आणि अठरा, एका वेगळ्याच पोराची, निकोलाय रोस्तोवची, तो निरोप घेऊन रणांगणभर घोडा पळवतोय, झारला शोधतोय. झार म्हणजे त्याचा देव. आणि शेवटी झार सापडतो, हरलेला, एकटा, शेतात उभा, आणि या पोराला पुढे होऊन बोलायची हिंमतच होत नाही, तो तसाच मागे फिरतो. मग एकोणिसावं प्रकरण, आंद्रेई अजून तिथेच पडलाय, रक्त वाहतंय, आणि नेपोलियन येऊन त्याच्यासमोर उभा राहतो. हा नेपोलियन आंद्रेईचा हीरो बरं का. आणि त्या आकाशाखाली तो त्याला एवढासा वाटतो.

आता सांगा, मधली दोन प्रकरणं पळत वाचली असतील तर काय कळणार? एक जण आपल्या देवाच्या पाया पडायला गेला आणि देव रडवेला झालेला बघून परत आला, दुसऱ्याच्या समोर देव चालत आला आणि त्याला काही वाटेना. टॉलस्टॉय हे कुठेही शेजारी शेजारी मांडून सांगत नाही, प्रकरणं शेजारी ठेवतो आणि गप्प बसतो. शिवाय तुम्ही ती दोन प्रकरणं वाचताय तेवढा वेळ आंद्रेई तिकडे पडून आहे, तुमच्या दहा-पंधरा मिनिटांत त्याचे तास गेले, हे वाचकाच्या अंगावर येतं ते त्या अंतरामुळेच.

म्हणून माझा नियम असा, ‘ब’ वरून डोळे पळतायत असं जाणवलं की त्याच क्षणी पुस्तक बंद. प्रकरणाच्या शेवटी नाही, ‘ब’च्या पहिल्या ओळीवर. दुसऱ्या दिवशी उघडाल तेव्हा ‘अ’ची घाई उतरलेली असते आणि ‘ब’ नीट वाचलं जातं. पंचवटीच्या पासवाल्यांना हे जरा जड जातं कारण त्यांचा हिशोब स्टेशनांवर असतो, नाशिकरोडला चढलं की इगतपुरीपर्यंत एवढं, कल्याणपर्यंत एवढं. तर त्यांनी घाटाचा उपयोग करा, कसाऱ्याच्या बोगद्यांमध्ये नाहीतरी नेटवर्क जातं आणि उजेडाचा पण खेळ होतो, तेवढा वेळ पुस्तक मांडीवर ठेवून चिठ्ठी भरा.

डब्यातले एक काका शेजारच्या पोराच्या हातातलं पुस्तक बघून म्हणाले होते, “काय रे, पान संपायच्या आत धडा संपला? हे तर पैसे वसूल होत नाहीत.” पोरगं म्हणालं, “काका, अर्धं पान कोरं आहे ना, ते पण वाचायचं असतं.” काकांनी एकदा त्याच्याकडे बघितलं आणि पेपर उघडला. पोराचं उत्तर जरा शहाणपणाचं होतं पण चूक नव्हतं.

मोबाइल, किंडल आणि ऑडिओवाल्यांसाठी

हे पटकन सांगतो. किंडलवर खाली कोपऱ्यात ‘प्रकरणात २ मिनिटं शिल्लक’ असं येतं ते बंद करा, त्याच कोपऱ्यावर टॅप करत गेलं की बदलतं आणि काहीच न दाखवायचा पर्याय पण येतो. छोट्या प्रकरणांना तो आकडा म्हणजे शुद्ध घातक आहे, सतत ‘अजून एक, अजून एक’ होत राहतं. फाँट फार मोठा ठेवू नका, दीड पानाचं प्रकरण सहा स्क्रीनचं झालं की त्याचा छोटेपणाच निघून जातो. आणि ऑडिओबुक ऐकणार असाल तर दोन प्रकरणांच्या मध्ये निवेदक जेमतेम श्वास घेतो आणि पुढे जातो, तेव्हा तिथे हाताने पॉज करा, गाडी चालवताना अर्थातच नको, मग त्यापेक्षा दुसरं काहीतरी ऐका.

चौथं: कोण बोललं नाही ते शोधा

‘कंपनी के’ त्यासाठी उत्तम सराव आहे. ११३ जण, प्रत्येकाला एक ते चार पानं, बोलून झालं की गेला, परत माइक मिळत नाही. मधल्या एका प्रसंगात जर्मन कैद्यांना गोळ्या घालायचा हुकूम सुटतो, आणि तो प्रसंग एका प्रकरणात संपत नाही, तो बऱ्याच जणांच्या तोंडून तुकड्यातुकड्याने येतो. कोणी हुकूम पाळतो, एक जण नाही म्हणून पळून जातो, कोणाच्या डोक्यात तो युद्ध संपल्यावर पण फिरत राहतो. ही प्रकरणं सलग नाहीत सगळी, काही तर खूप पुढे येतात, तेव्हा चिठ्ठीवर त्या प्रसंगाला एक फुली ठरवून ठेवा आणि जो जो त्याचा उल्लेख करेल त्याच्या नावापुढे फुली मारा. शेवटी फुल्यांची यादी बघितलीत की लक्षात येतं, मरणारे कैदी सगळ्यांच्या बोलण्यात आहेत आणि त्यांना स्वतःचं प्रकरण नाही. हजेरीपट फक्त एका बाजूचा आहे. पुस्तकभर लेखक यावर एक अक्षर बोलत नाही.

त्याच पुस्तकात एक शिपाई आहे ज्याच्याकडे मेलेल्यांच्या घरी पत्रं लिहायचं काम दिलंय. तुमचा मुलगा शूर होता, त्याला वेदना झाल्या नाहीत, वगैरे. लिहून लिहून त्याला वीट येतो, एका घरी तो खरं काय घडलं ते लिहून काढतो, सगळं, आणि मग वाचून फाडून टाकतो. पुस्तकातल्या सगळ्या दोन पानी प्रकरणांकडे मी त्या फाडलेल्या पत्रासारखं बघतो, पण ते जाऊ दे, माझं डोकं असं चालतं.

एक आमच्या भागातली गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. देवळालीला तोफखान्याचं स्कूल आणि फायरिंग रेंज, सराव सुरू असला की लांबवर धडधड ऐकू येते, कधी खिडकीची काच पण हलते, आणि कॅम्पमधली जुनी माणसं मान पण वर करत नाहीत, चहा चालू, भाजी निवडणं चालू. पाहुणा आलेला असेल तर तो मात्र दचकतो. युद्धाच्या कादंबरीत एखादं प्रकरण असं येतं की काहीच घडत नाही, कोणी बटाटे सोलतंय, कोणी मोजे वाळत घालतंय, आणि तेवढ्यावर संपतं. नवीन वाचक विचारतो, हे कशाला? तर अशा प्रकरणात आवाज शोधा, कोणता आवाज आहे ज्याच्याकडे पात्रं लक्ष देत नाहीयेत. बहुतेक वेळा एखाद्या अर्ध्या वाक्यात लपवलेला सापडतो.

तोडणं खरं की नाटकी, हे कसं ओळखायचं

सगळीच छोटी प्रकरणं काही ग्रेट नसतात हो. हल्ली बरीच पुस्तकं अशी येतात की प्रत्येक प्रकरण दारावर थाप पडली, फोन वाजला, त्याने वळून बघितलं तर, असं करून सोडतात, संध्याकाळच्या सिरियलमध्ये जाहिरातीच्या आधी तिघांचे चेहरे तीनदा दाखवतात ना तसं. तपासायचा सोपा उपाय, प्रकरणाची शेवटची ओळ अंगठ्याने झाका. त्या ओळीशिवाय प्रकरण उभं राहतंय का? उरलेल्या दीड पानात काही घडलंय, काही दिसलंय? नसेल तर ते प्रकरण फक्त तुम्हाला पुढे ढकलायला लिहिलंय. आंद्रेईचं प्रकरण आठवा, त्याच्या शेवटी हुक नाहीये, तो उलट शांत झालाय, बरं झालं हे आकाश दिसलं म्हणतोय. काळजी आपल्याला लागते, त्याला नाही.

दुसरी टेस्ट जोडीची. टिम ओब्रायन यांच्या १९९० च्या ‘द थिंग्ज दे कॅरिड’मध्ये, व्हिएतनामवरचं पुस्तक, दोन अगदी छोटी प्रकरणं लागोपाठ आहेत, पहिल्याचं नाव ‘शत्रू’ आणि दुसऱ्याचं ‘मित्र’ अशा अर्थाचं, दोन्हीत तीच दोन माणसं. पहिल्यात चाकू हरवल्यावरून मारामारी, एकाचं नाक फुटतं, आणि मग मारणाऱ्यालाच अशी भीती बसते की हा कधी सूड घेईल, रात्री झोप नाही, शेवटी तो स्वतःचं नाक स्वतःच फोडून घेतो आणि विचारतो, झाली ना फिट्टंफाट? दुसऱ्यात काय होतं ते सांगत नाही, तीन-चार मिनिटांत वाचून होईल. पण करून बघा, फक्त पहिलं वाचा आणि थांबा, विनोदी वाटेल. दोन्ही वाचून परत पहिलं वाचा, मग ते विनोदी राहतं का बघा. जे प्रकरण शेजारच्यामुळे बदलतं ते खरं. जे कुठेही उचलून ठेवलं तरी तेवढंच राहतं त्याची किंमत तुम्हीच ठरवा.

किती वाचायचं आणि कधी नाही

याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून सांगतो. मोठ्या प्रकरणात एक मृत्यू यायला चाळीस पानं लागतात, तुम्ही तयार होता. छोट्या प्रकरणांत वीस मिनिटांत सात-आठ येऊन जातात आणि त्या क्षणी काही वाटत नाही, रात्री वाटतं. उर्दू लेखक सआदत हसन मंटोच्या १९४८ च्या ‘सियाह हाशिये’मध्ये फाळणीच्या दंगलींवरचे ३२ तुकडे आहेत, काही तर दोन-तीन ओळींत संपतात. सगळं पुस्तक चहाच्या एका कपात वाचून होतं आणि तसं अजिबात वाचू नका. दिवसाला दोन किंवा तीन. व्हॉटसअॅपवर फॉरवर्ड आल्यासारखे एकापाठोपाठ एक वाचले तर तिसऱ्यानंतर मन बधिर होतं आणि पुढचे सगळे नुसते ‘पंच’ वाटायला लागतात, मंटोने ते पंचसाठी लिहिलेले नाहीत. घरात फौजेतलं कोणी असेल, किंवा नुकतंच कोणी गेलेलं असेल, तर अजून सावकाश, किंवा सरळ पुढच्या महिन्यात. पुस्तक कुठे पळून जात नाही.

कुठून सुरू करू असं विचारणाऱ्यांना माझा क्रम: आधी ‘द थिंग्ज दे कॅरिड’मधली ती दोन प्रकरणं, आवडलं तर डोअर, मग ‘कंपनी के’. टॉलस्टॉय बाजूला वर्षभर रोज एक असा चालू ठेवा, त्याची बाकीच्यांशी मारामारी होत नाही. इंग्रजी जड जात असेल तर मंटोपासून, हिंदीत देवनागरीत सहज मिळतो. पुस्तकं कुठे मिळतील तर सावानात आधी चौकशी करा, १८४० पासूनची संस्था आहे, कपाटात कधी काय निघेल सांगता येत नाही. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’च्या पेट्या ज्यांच्या सोसायटीत फिरतात त्यांनी तिथे पण बघावं, मराठी युद्धकथा तिथे हाताला लागू शकतात.

संपल्यावर एक काम राहतं

पुस्तक वाचून झालं की लगेच परत करू नका, एक संध्याकाळ काढा. एकच धागा निवडा आणि बाकीचं सगळं सोडून फक्त तो सलग वाचा. डोअरच्या बाबतीत हे सोपं पडतं कारण भागांवर तारखा आहेत, ऑगस्ट १९४४ चे सहा भाग तेवढे उचला, ७ तारखेपासून १२ तारखेपर्यंत, मधली वर्षं गाळून. गोष्ट कळते, पटापट जाते, थरार पण आहे. फक्त पहिल्या वाचनात ज्या ठिकाणी तुमचा घसा दाटला होता त्यातल्या काही ठिकाणी आता काहीच होत नाही. त्या जागांवर पेन्सिलने खूण करा आणि पुस्तकात परत तिथे जाऊन बघा, त्या प्रकरणाच्या आधी काय कापून ठेवलं होतं, १९३४ मधलं होतं की १९४२ मधलं, मुलाचं होतं की मुलीच्या वडिलांचं. हे ज्याने एकदा केलं तो पुढची युद्धकादंबरी उघडताना आपोआप आधी अनुक्रमणिका बघतो, त्याला सांगावं लागत नाही. लायब्ररीचं पुस्तक असेल तर परत देण्याआधी खुणा मात्र खोडा, आमच्याकडे यावरून बोलणी खाल्लेली माणसं आहेत.